‘आणखी पन्नास पाखरे’ : तळघरात आर्याने ऐकलेल्या संवादाविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही मालिका आपण तिसऱ्यांदा वाचायला घेतली आहे. पहिल्या खंडात आर्या स्टार्क ही नऊ वर्षांची मुलगी राजवाड्याच्या तळघरात अंधारात दडून दोन माणसांचे बोलणे ऐकते, आणि त्या प्रसंगापाशी आपण पुन्हा अडकला आहात. ते दोघे कोण हे आता आपल्याला ठाऊक आहे. अडचण त्यांच्या वाक्यांची आहे. ‘एक हात मरू शकतो, तर दुसरा का नाही?’ असे त्यांतला एकजण म्हणतो आणि ‘हा नाच तू पूर्वीही नाचला आहेस’ अशी पुस्ती जोडतो. पण जॉन ॲरिन या आधीच्या ‘हाता’चा, म्हणजे राजाच्या प्रधानाचा, खून तिसऱ्या खंडात भलत्याच माणसांच्या नावावर निघतो, मग या वाक्याचे करायचे काय? शिवाय शेवटी जी ‘पन्नास पाखरे’ मागितली जातात आणि त्यानंतर जी तुटक वाक्ये येतात, ती नेमकी कोणी कोणाला म्हटली आहेत? उत्तरात पाचही खंडांतली रहस्ये उघडी पडणार आहेत, हे इतर वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो.

मी गेली पंचवीस वर्षे इंग्रजी कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद मूळ संहितेशी ताडून पाहण्याचे काम करतो, आणि या कामात सर्वांत जास्त वेळ संवादांवर खर्च होतो. वर्णन लेखक वाचकासाठी करतो; संवादात पात्रे एकमेकांशी बोलत असतात आणि वाचक तिथे आगंतुक असतो. तळघरातल्या या प्रसंगात तर आर्याही आगंतुकच आहे. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की या बोलण्याकडे कोडे म्हणून पाहू नये. कोडे घालणाऱ्याला ते कोणीतरी सोडवावे असे वाटत असते. राजाचा हेरप्रमुख व्हॅरिस आणि समुद्रापलीकडच्या पेंटॉस शहरातला धनाढ्य इलिरिओ मोपॅटिस हे दोन जुने सोबती मात्र आपसांत अगदी सरळ बोलत आहेत. दोघांनाही जे ठाऊक आहे ते उच्चारण्याची त्यांना गरज नाही, एवढेच. ‘ते काम झाले का?’, ‘उद्या बोलावले आहे’ अशा दोन वाक्यांत नवरा-बायकोचा सगळा व्यवहार उरकतो आणि सोप्यावर बसलेल्या पाहुण्याला त्यातले अक्षरही कळत नाही, तशातलाच हा प्रकार आहे. त्यामुळे वाक्याचा गूढार्थ शोधण्यापूर्वी त्या क्षणी बोलणाऱ्याला काय ठाऊक होते, ऐकणारीला काय ठाऊक होते आणि तिच्या कानांपर्यंत नेमके किती पोहोचले, हे पाहावे.

हेतुपुरस्सर गूढ बोलणे कसे असते याचा नमुना आपल्या आदिपर्वातच आहे. पांडव वारणावताला निघाले असताना विदुर भर लोकांत युधिष्ठिराला सांगतो, की लोखंडाचे नसूनही शरीर कापणारे एक शस्त्र आहे, आणि रान जाळणारा जो आहे तो बिळात राहणाऱ्याला जाळू शकत नाही. युधिष्ठिर फक्त ‘समजले’ म्हणतो. पुढे कुंती विचारते, की विदुर लोकांसमोर काय बोलला ते आम्हाला काहीच उमगले नाही. तेव्हा युधिष्ठिर तिला दोन ओळींत सांगून टाकतो, की विषापासून आणि अग्नीपासून सावध राहा, आणि कोणतीही वाट आपल्याला अपरिचित राहू देऊ नका, असा त्याचा सांगावा आहे. म्हणजे व्यासांनी वाचकाच्या वतीने कुंतीला प्रश्न विचारायला लावला आणि उत्तर देणाराही जागेवर ठेवला. मार्टिन यांच्या आर्याच्या वाट्याला असा युधिष्ठिर आला नाही.

तिच्या वाट्याला आला तो तिचा बाप, म्हणजे राजाचा नवा ‘हात’ नेड स्टार्क, आणि त्या बापलेकीचे संभाषण या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत कमी वाचला गेलेला भाग आहे. तळघरातून गटाराच्या वाटेने बाहेर पडून, घाणीने माखून, आर्या वडिलांपुढे उभी राहते आणि जे ऐकले ते सांगू लागते. तिला शब्द जवळजवळ अचूक आठवत असतात, पण त्यांचे सांधे निखळलेले असतात. ‘पुस्तक आणि अनौरस मुलगा’ हे तिने ऐकले आहे. अनौरस म्हणजे आपला सावत्र भाऊ जॉनच असणार, असे ती स्वतःच ठरवून टाकते. वास्तविक तो अनौरस मुलगा म्हणजे राजा रॉबर्टचा लोहारशाळेत काम करणारा मुलगा गेंड्री आणि पुस्तक म्हणजे राज्यातल्या थोर घराण्यांच्या वंशावळीचा जाडजूड ग्रंथ. जॉन ॲरिन का मेला याच्या नेडने चालवलेल्या शोधाशी दोन्ही बांधलेले आहेत. इलिरिओने व्हॅरिसला कौतुकाने ‘जादूगार’ म्हटलेले असते, तर आर्या तो खरोखरीचा जादूगार समजते. मग नेड चेहऱ्यावर हसू येऊ न देता विचारतो, की त्याला लांब पांढरी दाढी आणि चांदण्यांची उंच टोपी होती का. ‘सोंगाडे’, ‘चेंडू झेलणे’, ‘लांडगा आणि सिंह’ (म्हणजे स्टार्क आणि लॅनिस्टर ही घराणी) असे शब्द तिच्या तोंडून ऐकल्यावर त्याची खात्रीच होते, की पोरीने कुठल्यातरी खेळकऱ्यांची तालीम ऐकली असावी. स्वतःच्या मरणाची चर्चा शब्दशः त्याच्या कानांवर पडली आणि त्याने ती हसण्यावारी नेली. तेवढ्यात योरेन नावाचा माणूस दूरच्या प्रवासाहून येऊन पोहोचतो आणि नेडची पत्नी कॅटलिन हिने टिरियन लॅनिस्टरला कैद केल्याची बातमी देतो. ही बातमी व्हॅरिसने तळघरात आधीच उच्चारलेली असते. बातमी नेडच्या दारात पोहोचण्यापूर्वी व्हॅरिसकडे होती, हे कळण्यासाठी दोन्ही प्रसंग एकाच प्रकरणात ठेवलेले आहेत. पहिल्या वाचनात कॅटलिनच्या काळजीने आपण पान उलटतो आणि हे निसटते.

त्या दोघांची ओळख पटवण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी त्यावर दोन शब्द लिहितो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. प्रत्येक बोटात अंगठ्या, दुभंगलेली पिवळी दाढी आणि अवाढव्य देह असूनही हलके चालणे, हे इलिरिओचे वर्णन परागंदा राजकन्या डेनेरिसच्या अगदी पहिल्या प्रकरणात येऊन गेलेले आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दाढीचे खुंट आहेत, डोक्यावर लोखंडी टोप आहे, पण जड बूट घालूनही त्याची पावले वाजत नाहीत. याच्या दोनच प्रकरणे आधी व्हॅरिस ओळखू न येईल अशा वेशात नेडच्या खोलीत येतो आणि जॉन ॲरिनला कोणते विष दिले गेले ते सांगतो. वेषांतर हा त्याचा हातखंडा प्रयोग आहे हे लेखकाने इतक्या जवळ नोंदवून ठेवले आहे. (दूरचित्रवाणी मालिकेत हे दोघे वेषांतराविना, उघड चेहऱ्याने दिसतात, त्यामुळे जे वाचक पडद्याकडून पुस्तकाकडे आले त्यांना हा आनंद मिळालाच नाही.)

आता ‘हाता’कडे येऊ. राजाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या प्रधानाला या मालिकेत राजाचा ‘हात’ म्हणतात. मराठीत ‘उजवा हात’ हा वाक्प्रचार असल्याने तो शब्द आपल्याला परका वाटत नाही. ‘एक हात मरू शकतो, तर दुसरा का नाही’ या वाक्यात मूळ क्रियापद ‘मरणे’ आहे, ‘मारले जाणे’ नाही. हे वाक्य इलिरिओचे; पण कोणी मारले हे तो बोलत नाही. आर्या मात्र वडिलांना सांगते, की ते तुम्हाला मारण्याविषयी बोलत होते, आणि तिच्याबरोबर आपणही तसेच ऐकतो. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या प्रतीच्या समासात शाईने लिहिले होते, ‘पहिल्या हाताचा खून ह्यानेच केला.’ पुढे ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स’ या तिसऱ्या खंडाच्या अखेरीस जॉन ॲरिनची पत्नी लायसा स्वतःच्या तोंडाने कबूल करते, की पीटर बेलिश या दरबाऱ्याच्या सांगण्यावरून नवऱ्याच्या मद्यात विष तिनेच मिसळले, आणि ती शाईची नोंद खोडावी लागली. ती खाडाखोड अजून त्या पानावर आहे, आणि वाचक-मंडळात कोणी फार खात्रीने बोलू लागले की मी ते पान उघडून दाखवतो.

तर मग ‘हा नाच तू पूर्वीही नाचला आहेस’ याचा अर्थ काय? इथे माझे मत असे, की आपण इलिरिओच्या वाक्यावर फार थांबतो आणि व्हॅरिसच्या उत्तरावर पुरेसे थांबत नाही. तो म्हणतो, की तेव्हाची गोष्ट आत्ताची नव्हे, आणि हा हात म्हणजे तो हात नव्हे. यात कबुली नाही, तसा इन्कारही नाही. तो फक्त सूचना टाळतो. समोरच्याने आपल्याविषयी काही गृहीत धरले आणि ते आपण दुरुस्त केले नाही, म्हणजे ते खरे ठरत नाही. लोकांना आपण आहोत त्याहून अधिक समर्थ वाटावे यात व्हॅरिससारख्या माणसाचा फायदाच आहे. पेंटॉसमध्ये समुद्रापलीकडे बसलेल्या इलिरिओने जॉन ॲरिनच्या मृत्यूचे श्रेय आपल्या मित्राला दिले असेल, किंवा आधीच्या राजवटीतल्या एखाद्या घटनेकडे त्याचा रोख असेल. वेड्या एरिसच्या पदरी व्हॅरिस होता आणि त्या राजाने किती हात नेमले आणि काढले हे आपल्याला ठाऊकच आहे. या दोहोंपैकी एक निवडायला संहितेत आधार नाही.

या जागी एक मोहक वाचन समोर येते आणि त्याविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते. ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ या २०११ सालच्या पाचव्या खंडात जॉन कॉनिंग्टन हा एरिसचा एक जुना हात जिवंत सापडतो. तो दारू पिऊन मेला, अशी वार्ता व्हॅरिसनेच पसरवलेली असते. ‘हात मरू शकतो’ हे वाक्य त्याला किती छान लागू पडते! परंतु पहिला खंड १९९६ सालचा आहे, आणि मार्टिन यांनी स्वतःला अनेकदा नकाशा काढून घर बांधणारा नव्हे, तर बी पेरून पाहणारा माळी म्हटले आहे. पंधरा वर्षांनंतरच्या फुलाचा आकार बियाण्यात कोरलेला होता असे मानण्यात वाचकाचा आनंद असेल, पुरावा नाही. माझ्या मते इथे उक्तीपेक्षा कृती अधिक बोलकी आहे. याच खंडात पुढे नेड कैदेत पडल्यावर व्हॅरिस कारागृहातल्या पहारेकऱ्याच्या वेशात, पुन्हा दाढीचे खुंट चिकटवून, त्याच्याकडे येतो आणि गुन्हा कबूल करून जीव वाचव, अशी गळ घालतो. नेडचा शिरच्छेद होतो तो पोरसवद्या राजा जॉफ्रीच्या लहरीने. म्हणजे तळघरात मांडलेली सूचना व्हॅरिसने अंमलात आणलेली दिसत नाही. ‘वेळ काढ’ ही इलिरिओने तळघरात केलेली मागणी मात्र त्याने मनावर घेतलेली दिसते, कारण नेड जिवंत राहिला असता तर लांडगा आणि सिंह यांचे युद्ध लांबणीवर पडले असते.

अनुवाद तपासताना याच संवादाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा निवाडा करावा लागत नाही. मराठीत पहिल्याच वाक्याला तो करावा लागतो. एका हौशी अनुवादकाने नमुन्यादाखल पाठवलेल्या मसुद्यात इलिरिओ व्हॅरिसला ‘तुम्ही’ म्हणत होता, आणि तेवढ्याने दोघे सावकार आणि दिवाणजी वाटू लागले होते. पाचव्या खंडात इलिरिओ टिरियनला सांगतो, की तरुणपणी पेंटॉसमध्ये व्हॅरिस चोर होता आणि तो स्वतः तलवारीवर पोट भरणारा कंगाल होता. दोघांनी मिळून नशीब काढले. हे वाचल्यावर ‘तू’शिवाय दुसरा पर्याय उरत नाही. आपण व्यवसायाने अनुवादक नसलात तरी अडलेला संवाद एकदा स्वतःच्या मराठीत लिहून पाहावा, असे मी सर्वांना सुचवतो. कर्त्याचे लिंग, वचन, आदर, क्रियापदाचा प्रयोग यांतले काय मूळ लेखकाने मोकळे सोडले आहे ते लिहिताना हाताला लागते. ‘मेला’ की ‘मारला’ हा फरकही मला असाच लिहिताना सापडला.

आता पाखरांकडे येतो, कारण संपूर्ण प्रसंगात सर्वांत भयंकर गोष्ट इथे आहे आणि ती कोणीही उच्चारत नाही. व्हॅरिस सोने मागतो आणि आणखी पन्नास पाखरे मागतो. इथपर्यंत कोण बोलतो ते स्पष्ट आहे. त्यानंतर दोघे दूर जातात, आवाज क्षीण होतात, आणि लेखक ‘तो म्हणाला’ लिहिणे बंद करून फक्त तुकडे देतो : इतकी? … तुला हवी तशी मिळणे कठीण … इतकी लहान, आणि अक्षरओळख असलेली … थोडी मोठी घेतली तर … इतकी सहज मरणार नाहीत … नाही, लहानच बरी … त्यांना जपून वागव … जिभा ठेवल्या तर … धोका …

बोलणारे ठरवायचे असतील तर मागणारा कोण आणि पुरवणारा कोण, एवढे धरून ठेवावे. मिळणे कठीण आहे ही तक्रार पुरवणाऱ्याची, म्हणजे इलिरिओची. मोठी मुले घ्यावीत, ती सहज मरत नाहीत, हेही तोच म्हणणार, कारण मरण्याचे नुकसान त्याच्या पदरी पडते. लहानच सुरक्षित, हे मागणाऱ्याचे, म्हणजे व्हॅरिसचे. ‘जिभा ठेवल्या तर’ ही पुन्हा इलिरिओची सूचना. आता हे तुकडे ओळीने लावले, की त्यांच्या मधली न बोललेली गोष्ट समोर उभी राहते. मुले मरतात ती जिभा कापल्यामुळे. जिभा कापतात त्या धरली गेली तरी त्यांनी बोलू नये म्हणून. आणि जे बोलू शकत नाही त्या हेराला बातमी देण्यासाठी लिहिता यायला हवे, म्हणून अक्षरओळखीची अट. दरबारात व्हॅरिस ज्यांना लाडाने ‘माझी चिमुकली पाखरे’ म्हणतो, ती ही. ‘जपून वागव’ हे वाक्य पहिल्यांदा कानाला कोवळे लागते. हे सगळे लक्षात आल्यावर तेच वाक्य ऐकवत नाही.

याला पुढे दुजोराही मिळतो. इलिरिओ टिरियनला सांगतो, की व्हॅरिसने आपल्या बालचोरांना दागिने उचलण्याऐवजी पत्रे आणि हिशेबाच्या वह्या वाचायला, वाचून जागच्या जागी ठेवायला शिकवले; आणि पाचव्या खंडाच्या उपसंहारात केव्हन लॅनिस्टरभोवती अंधारातून आवाज न करता गोळा होणारी, हातांत खंजीर घेतलेली मुले आपण पाहतोच. तरीही मी म्हणेन, की हा उलगडा पहिल्या खंडातल्या त्या आठनऊ तुकड्यांवरूनच पूर्ण होतो; पुढचे खंड फक्त शिक्का मारतात. जो अर्थ जागेवर उभा राहतो आणि ज्याला नंतरच्या खंडाची कुबडी लागते, त्या दोघांना मी एका वजनाचे मानत नाही.

क्वेथ या मुखवटा घातलेल्या स्त्रीच्या बोलण्याचाही आपण ओझरता उल्लेख केला आहे. तिचे बोलणे तळघरातल्या बोलण्यापेक्षा वेगळ्या जातीचे आहे. ती विदुराप्रमाणे जाणूनबुजून झाकून बोलते, आणि तिच्या समोर असलेल्या डेनेरिसला अर्थ लावता येत नाही. ‘सुगंधी कारभाऱ्यापासून सावध राहा’ असे ती पाचव्या खंडात म्हणते. डेनेरिसच्या पदरी अत्तर लावणारा रेझ्नाक नावाचा कारभारी असल्याने तिचा संशय त्याच्याकडे वळतो. पण त्याच खंडात टिरियन ज्या जहाजाने निघतो त्या ‘सेलायसोरी क्होरान’ या नावाचा अर्थही सुगंधी कारभारी असाच होतो. दोन्ही खुणा लेखकाने मुद्दाम ठेवलेल्या आहेत आणि सहावा खंड अजून आलेला नाही, त्यामुळे इथे कोणाला काय ठाऊक होते हे विचारून फारसे हाती लागत नाही. भाकिताच्या बाबतीत दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात आणि पुढे वाचावे.

आपण तिसरे वाचन सुरूच केले आहे, तर मालिका सलग पुढे नेण्याआधी एक छोटा प्रयोग करून पाहावा. पहिल्या खंडातले डेनेरिसचे पहिले प्रकरण, व्हॅरिस वेश बदलून नेडकडे येतो ते प्रकरण, आर्याचे हे प्रकरण आणि नेडच्या कारागृहातले प्रकरण, अशी चारच प्रकरणे एका बैठकीत वाचावीत. पहिल्या खंडात आठ मुख्य पात्रांच्या नजरेतून कथा विभागलेली असल्याने यांतली बहुतेक प्रकरणे एरवी एकमेकांपासून बरीच दूर पडतात आणि मधल्या पानांत दुवे विसरले जातात. तळघरातला संवाद दोन जणांनी मोठ्याने वाचता आला तर अधिकच चांगले. आमच्या मंडळात आम्ही तो तसाच वाचतो, आणि शेवटच्या तुकड्यांपाशी प्रत्येक वेळी वाद होतो. ‘धोका’ हा अखेरचा शब्द कोणाचा, याबद्दल माझे स्वतःचे मत दोनदा बदलले आहे. जिभा ठेवण्यातला धोका म्हणून तो व्हॅरिसचा, असे तूर्त मी मानतो, आणि समासात तशी नोंद केली आहे, यावेळी पेन्सिलीने.